हाताने केलेले चित्र घरी आणताना

डोंबिवलीच्या नव्या घरात राहायला येऊन दोन वर्षे झाली, तरी दिवाणखान्यातली सोफ्यामागची भिंत रिकामीच होती. कर्जाचे हप्ते चालू असताना चित्रावर मोठी रक्कम घालणे शक्य नव्हते, आणि बाजारात सगळीकडे दिसणारे छापील घोडे किंवा धबधबे लावायचे नाहीत, एवढे मात्र आमचे ठरले होते. अखेर एका संकेतस्थळावर ‘हँडमेड’ असा उल्लेख असलेले नदीकाठचे एक चित्र आवडले आणि २४ बाय ३६ इंचांचा तो कॅनव्हास आम्ही साडेचार हजार रुपयांना मागवला. आठवड्याभराने धूळ पुसताना माझ्या लक्षात आले की ब्रशचे फटकारे बोटांना जाणवतात खरे, पण ते चित्रातल्या रंगांबरोबर वळत नाहीत. झाडाच्या पानांवरून आणि पाण्यावरून ते सारख्याच आडव्या दिशेने गेलेले आहेत. भिंग आणून पाहिले तेव्हा त्या पारदर्शक थराखाली रंगांचे बारीक ठिपके दिसले. चित्र यंत्रावर छापलेले होते आणि त्यावर हाताने केवळ जेलचा लेप फिरवलेला होता. वर्णनात ‘हँड एम्बेलिश्ड’ (छापील चित्रावर हाताने सजावट केलेले) हे शब्द लहान अक्षरांत दिलेले होते, आणि त्यांचा अर्थ आम्ही पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मूळ चित्र कशाला म्हणायचे, याचा मी नेटाने शोध घेतला. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण छापलेले ते सगळे नक्कल आणि रंगवलेले तेवढे मूळ, अशी सरळ विभागणी करता येत नाही. सासूबाईंच्या माहेरी देवघराच्या वर राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र होते, असे त्या सांगतात. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग चढवत छापलेल्या त्या चित्रांनी सामान्य माणसाच्या भिंतीवर एका मोठ्या चित्रकाराची कल्पना आणून ठेवली. तरीही ती मुळात तैलरंगात केलेल्या चित्राची प्रतिकृती होती. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), वुडकट (लाकडावर कोरलेला) किंवा एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने उमटवलेली रेघ) करणाऱ्या मुद्राचित्रकाराचे काम याहून वेगळे असते. त्याचे चित्र आधी कुठे रंगवलेले नसते. ते ठशावर कोरले जाते आणि कागदावर उमटते तेव्हाच प्रथम अस्तित्वात येते. म्हणून त्याच्या पंधरा प्रती निघाल्या, तर त्या पंधराही मूळ चित्रेच असतात, आणि कष्टांचा मोबदला पंधरा घेणाऱ्यांत वाटला गेल्यामुळे प्रत्येकीची किंमत आपल्या आवाक्यात येते. मर्यादित पैशांत अस्सल काम घ्यायचे असेल, तर पहिली नजर मुद्राचित्रांकडे वळवावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या घरातले पहिले खरे चित्र असेच आले. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीने इन्स्टाग्रामवर स्वतःची लिनोकटे ठेवली होती आणि त्यांत पावसात एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांचे एक चित्र होते. किंमत २,८०० रुपये होती. मी तिला विचारले, तेव्हा तिने कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्याचा फोटो पाठवला, रोलरने शाई कशी चढवली आणि चमच्याच्या पाठीने घासून कागद कसा छापला, ते सांगितले. चित्राखाली डावीकडे पेन्सिलीने ‘४/१५’ असे लिहिलेले होते, म्हणजे पंधरा प्रतींच्या आवृत्तीतली ही चौथी. मध्ये चित्राचे नाव आणि उजवीकडे सही. चित्रकार स्वतःसाठी काही प्रती वेगळ्या ठेवतो, त्यांवर ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे चित्रकाराची प्रत) अशी अक्षरे असतात. चौथी प्रत चौदावीपेक्षा चांगली असेल, असे लिनोकटात सहसा नसते. मात्र ड्रायपॉइंटमध्ये सुईने ओरखडताना पत्र्यावर उठलेली धातूची किनार प्रत्येक दाबाखाली झिजत जाते, त्यामुळे तिथे सुरुवातीच्या प्रतींतली रेघ अधिक मखमली येते. हे सारे ध्यानात ठेवायचे कारण असे की हल्ली संगणकावरून छापलेल्या प्रतिकृतींवरही पेन्सिलीने आकडे घालून ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून विक्री होते. आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ठसा कशाचा होता, हा प्रश्न विचारावा. ज्याने तो स्वतः कोरला आहे, तो आनंदाने उत्तर देतो.

वारली चित्रांच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. उशांच्या अभ्र्यांपासून चहाच्या कपांपर्यंत सगळीकडे वारली नक्षी दिसत असल्यामुळे, तिचे मूळ काम हजारो वेळा छापलेल्या नक्षीहून वेगळे असते, हेच आपण विसरून गेलो आहोत. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी विधिचित्र, लिहावा आणि त्यात पालघट देवीची स्थापना व्हावी, ही या चित्रांची मूळ जागा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकापासून ती विधीच्या बाहेर कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर आज अनेक घरांतून हे काम चालते, आणि बरेच चित्रकार फोनवर फोटो पाठवून कुरिअरने चित्र रवाना करतात. शेण किंवा गेरूने सारवलेल्या कापडावर केलेले १२ बाय १५ इंचांचे एक चित्र मी असेच घेतले. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नाचणाऱ्यांची रांग त्यात आहे. छापील नक्षीत सगळी माणसे एकाच साच्यातली असतात. इथे एकाची मान किंचित कललेली आहे, एकीचा पाय उचलताना रेघ जाड झाली आहे, आणि रांगेच्या आतल्या टोकाला जागा कमी पडल्यामुळे माणसे दाटीने उभी आहेत. हात कुठे थबकला आणि कुठे सुटला, ते इतक्या स्पष्टपणे दिसत असताना किमतीत घासाघीस करावी, असे मला वाटलेच नाही. चित्रकाराशी थेट व्यवहार करताना भाव पाडून मागू नये. जमत नसेल तर लहान आकाराचे काम आहे का, किंवा दोन हप्त्यांत पैसे दिले तर चालेल का, असे विचारावे. मला दोन्ही वेळा होकार मिळाला आहे.

पडद्यावर पाहून घ्यायचे, तर काही काळजी घ्यावीच लागते. आकाराचा अंदाज सर्वांत आधी चुकतो. इंच वाचून काही कळत नाही. जुने वर्तमानपत्र त्या मापाचे कापून भिंतीवर चिकटवावे आणि दोन दिवस तसेच राहू द्यावे. मोबाइलवर रंग जास्त भडक दिसतात, म्हणून दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ काढलेला फोटो आणि बाजूने प्रकाश टाकून घेतलेला छोटा व्हिडिओ मागावा. बाजूच्या प्रकाशात तैलरंगाचा किंवा ॲक्रिलिकचा थर उठून दिसतो आणि जलरंगात कागदाच्या खरबरीत पोतात साठलेले रंगाचे कण दिसतात. कागद कोणता, हे विचारायला संकोच करू नये. कापसाच्या तंतूंचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद दीर्घकाळ टिकतो, तर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातल्या लिग्निनमुळे काही वर्षांत पिवळा पडतो. कॅनव्हास नळीत गुंडाळून येणार असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर गुंडाळण्याची विनंती करावी, म्हणजे रंगाचा थर आतून चेपून दुमडत नाही. पार्सलबरोबर चित्राचे नाव, माध्यम, माप, वर्ष आणि सही असलेला कागद मागून घ्यावा आणि तो जपून ठेवावा.

फ्रेमवर माझे पैसे चित्राच्या निम्म्याहून अधिक गेले आणि ते गेलेच पाहिजेत, असे आता मला वाटते. आपल्याकडचा पावसाळा कागदाचा मोठा शत्रू आहे. काच थेट चित्राला टेकली, तर आत दमट हवेचे पाणी धरते, कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांत अंतर ठेवणारा जाड पुठ्ठा, हवाच, आणि तो आम्लरहित असावा. आमच्या फ्रेमवाल्याची सवय अशी होती की चित्राला मागून सगळीकडे खळ लावून ते हार्डबोर्डवर पक्के बसवायचे. मी त्याला विनंती करून केवळ वरच्या दोन टोकांना कागदाच्या पट्ट्यांवर चित्र लटकते ठेवायला लावले, म्हणजे दमट हवेत कागदाला फुगायला आणि कोरड्या हवेत आकसायला जागा राहते. फ्रेमच्या मागे खाली दोन बुचांचे तुकडे चिकटवले आहेत, त्यामुळे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर आम्ही काहीच लावत नाही, आणि थेट उन्हाच्या भिंतीवर जलरंग लावत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मुलीच्या बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते एस.टी.च्या थांब्याचे चित्र छापावे, अशी माझी इच्छा होती. चित्र आपण विकत घेतले, म्हणजे ते आपलेच, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकत घेतल्याने त्याच्या प्रती काढण्याचा हक्क मिळत नाही; तो लेखी दिला नसेल, तर चित्रकाराकडेच राहतो. मी त्या चित्रकार मुलीला फोन केला. तिने परवानगी दिली, पैसे घेतले नाहीत, पत्रिकेवर चित्रकार म्हणून आपले नाव छापावे एवढीच अट घातली, आणि तिला पाठवलेली पत्रिका तिच्या कामाच्या टेबलासमोर लावलेली असल्याचा फोटो काही दिवसांनी मला आला.

आता स्वयंपाकघराच्या दाराशेजारी १० बाय १२ इंचांचा वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने सांभाळलेल्या चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेतले, रामायणाच्या कथेतले एक पान तिथे यावे, असे आमच्या मनात आहे. तिथल्या एका चित्रकाराशी बोलणे झाले आहे. सध्या हवेत ओल फार असल्याने रंग नीट सुकत नाहीत, तेव्हा दसऱ्यानंतर पाठवतो, असे ते म्हणाले, आणि आम्हीही तोवर थांबायचे ठरवले आहे.