१२ वर्षांनी खळ्यावर
आज १२ वर्षांनी माळ्यावरची रिमोटची गाडी उतरवून गावाबाहेरच्या खळ्यावर शर्यतीला नेली. पोरांच्या गाड्या ब्रशलेस (बिनब्रशच्या) मोटरच्या आणि ७.४ व्होल्टच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर धावणाऱ्या. माझी मात्र अजून कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला घासून वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची) मोटर, सहा सेलांचा ७.२ व्होल्टचा पॅक आणि २७ मेगाहर्ट्झचा, क्रिस्टलवर (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या छोट्या सुट्या भागावर) चालणारा रिमोट. पूर्वी दोघांचे क्रिस्टल एकच निघाले, की एकाने कळ दाबली तरी दुसऱ्याची गाडी धुऱ्यात शिरायची. आज त्या फ्रिक्वेन्सीवर मी एकटाच होतो, हा जुन्या सामानाचा एवढाच काय तो फायदा. तिसऱ्या फेरीत गाडी मंदावली, म्हणून मोटर उघडली, तर काळ्या मातीच्या धुळीत ब्रश झिजून तांदळाएवढा उरला होता. "काकाजी, विकता का?" असे एका पोराने विचारले. मी नवे ब्रश मागवले आहेत.