तुम्ही विचारलंत म्हणून : सिद्धांत चुकला, मग कादंबरी का वाचायची?

मुंबईत विज्ञानकथेविषयी कुठेही बोलायला गेले, मग ते दादरचे ग्रंथालय असो की पार्ल्यातला एखादा वाचकगट, शेवटी एक प्रश्न हमखास येतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचा विश्वाविषयीचा सिद्धांत चुकीचा ठरला. मग त्यांची १९५७ सालची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी वाचाच, असा आग्रह तुम्ही का धरता? विचारणाऱ्यांना हॉइल बहुधा जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून माहीत असतात, त्यामुळे प्रश्नात थोडा संकोचही असतो.

सिद्धांत चुकला, हे मला मान्य आहे. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभच नाही. ते प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत राहिल्यामुळे त्याचे एकूण रूप बदलत नाही. सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभाची उरलेली ऊब, सापडल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला असा आरंभ होता असे मानणाऱ्या सिद्धांताच्या, बाजूला गेले. (‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात वापरले तेही हॉइल यांनीच.) परंतु या कादंबरीचा विषय विश्वाचा आरंभ हा नाही. अपुऱ्या माहितीवरून अनुमान कसे काढावे आणि ते उघडपणे पणाला कसे लावावे, हा तिचा विषय आहे, आणि त्या कामात हॉइल यांच्या तोडीची माणसे थोडी.

वायूचा एक प्रचंड काळा ढग सूर्याच्या दिशेने येत आहे. कॅलिफोर्नियातल्या खगोलशास्त्रज्ञांना तो छायाचित्रांत दिसतो, तर केंब्रिजचा ख्रिस किंग्सली ग्रह आपल्या अपेक्षित जागेवरून किंचित सरकल्याचे पाहून, ढग न पाहताच, त्याच निष्कर्षाला पोहोचतो. पुढे सूर्य झाकला जातो, असंख्य माणसे मरतात, आणि हे सारे हॉइल काहीशा कोरडेपणाने उरकतात. नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतो तेव्हा वाचकाला जी हुडहुडी भरते, ती इथे फारशी भरत नाही. हॉइल रमतात ते त्यानंतर. शास्त्रज्ञांच्या लक्षात येते, की आपण ज्या तरंगलांबीवर रेडिओ संदेश पाठवतो, तिला अडवतील असेच बदल वातावरणाच्या वरच्या थरात होत आहेत. तरंगलांबी बदलली, की अडथळाही तिच्यामागोमाग बदलतो. हा योगायोग नसेल तर काय, या प्रश्नाभोवतीचा वाद हा कादंबरीचा सर्वांत सरस भाग आहे. ढग सजीव आणि बुद्धिमान आहे, हा निष्कर्ष तिथे चमत्कार म्हणून येत नाही. बाकीचे पर्याय एकेक करून बाद झाल्यावर तो उरतो.

हे लिहिणाऱ्याने असेच एक अनुमान प्रत्यक्षात करून दाखवले होते. ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून कार्बन पुरेशा प्रमाणात तयार व्हायचा, तर कार्बनच्या अणुकेंद्रकाला एका ठरावीक ऊर्जेची, सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची, पातळी असलीच पाहिजे, असे हॉइल यांनी १९५३ मध्ये कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन सांगितले. तिथले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फाउलर यांना ते सुरुवातीला पटले नाही. प्रयोग झाला आणि पातळी सापडली. १९८३ चे नोबेल चंद्रशेखर यांच्यासोबत फाउलर यांना मिळाले, हॉइल यांना नाही. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

किंग्सली उद्धट आहे, राजकारण्यांना तुच्छ लेखतो, आणि लेखकाला त्याचे जरा जास्तच कौतुक आहे. कादंबरीतल्या स्त्रियांना तर करण्यासारखे फारसे काहीच दिलेले नाही. ही उणीव मी झाकत नाही. किंग्सलीचा स्वभाव कुठून आला, हे मात्र हॉइल यांच्या चरित्रात दिसते. फुलाला पाच पाकळ्या असतात असे बाईंनी सांगितल्यावर सहा पाकळ्यांचे फूल पुढे करून मार खाणारा यॉर्कशरमधला हा मुलगा, पुढे केंब्रिजमध्ये स्वतः उभारलेली संस्था कारभाऱ्यांशी बिनसल्यावर १९७२ मध्ये सोडून निघून गेला. त्याच वर्षी नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

चुकलेला सिद्धांत कादंबरीत एकदाच डोकावतो. तुमच्या जातीचा पहिला सजीव कसा निर्माण झाला, असे विचारल्यावर ‘पहिला’ असा कुणी होता हेच ढगाला मान्य होत नाही, आणि हॉइल आपल्या विरोधकांना मिश्किल चिमटा काढून घेतात. त्याहून बोचरा आहे तो शेवट. ढगाचे ज्ञान थेट मेंदूत उतरवून घेताना किंग्सली मरतो, कारण त्याच्या डोक्यात आधीच पक्क्या बसलेल्या कल्पनांशी ते ज्ञान जुळत नाही. त्याच्या जागी तिथला मंद बुद्धीचा माळी असता, तर तो कदाचित वाचला असता, असे सुचवलेले आहे. हे लिहिणाऱ्या हॉइल यांनी १९९३ मध्ये बर्बिज आणि नारळीकर यांच्यासह आपल्या जुन्या सिद्धांताचे सुधारित रूप मांडले, आणि २००१ साली निधन होईपर्यंत महास्फोट स्वीकारला नाही. म्हणून शेवटची प्रकरणे घाईने वाचू नका; गणिताच्या तळटीपा वगळल्या तरी चालतील.