बेसी स्मिथच्या कोलंबिया तबकड्या : भोंग्याचा काळ संपला, मायक्रोफोन सुरू

अमेरिकन ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या, कोलंबिया कंपनीने काढलेल्या तबकड्यांपैकी १९२३ पासून १९२५ च्या सुरुवातीपर्यंतच्या बाजू संगणकावर उतरवून झाल्या. १६ फेब्रुवारी १९२३ ला क्लॅरेन्स विल्यम्सच्या पियानोवर ‘डाउनहार्टेड ब्लूज’ मुद्रित झालं, तेव्हा बेसी मायक्रोफोनऐवजी थेट भोंग्यात गात होती. तंबूतल्या खेळांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज भोंग्यातूनही भरदार उतरलाय. पियानो मात्र बारीक, कोरडा येतो.

सगळ्यात जास्त वेळ वेगाने खाल्ला. या तबकड्या मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आहेत. ७८ वर लावल्या तर सूर सुमारे ४४ सेंट उतरतो, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याला जरासा कमी, आणि बेसी उगाच सुस्त, जडशीळ वाटते. वेग तपासायला १४ जानेवारी १९२५ चं ‘सेंट लुइस ब्लूज’ घ्यावं. लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (छोटा ट्रम्पेट) सूर हवा तसा वाकवतो, पण फ्रेड लाँगशॉच्या पेटीचे सूर पक्के. लांब धरलेला सूर ट्यूनरवर पाहावा. पेटी ४४० हर्ट्झलाच, म्हणजे आजच्या प्रमाण सुरालाच, लावलेली असेल असं मात्र गृहीत धरू नये.

सुई ३.५ ते ३.८ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), टोक कापलेली. वजन ४ ग्रॅम. एलपीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाला टेकते आणि नुसती खरखर उचलते. दोन्ही चॅनेल वेगळे, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला घ्यावेत. दोन चॅनेल म्हणजे खाचेच्या दोन भिंती. त्यांतली एक बहुधा कमी झिजलेली असते, तीच ठेवावी. प्रीअँपचा आरआयएए वक्र, म्हणजे एलपीसाठीची बास उचलणारी आणि तिखट टोक दाबणारी जुळणी, उलटवायला विसरू नका. आधी टिकटिक काढावी, मग खरखर, तीही थोडीच. जास्त पुसलं की बेसीच्या गळ्यातली गुरगुर पहिली जाते.

धुताना स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. कोलंबियाच्या तबकड्या थरांच्या असतात. पृष्ठभाग छान शांत, पण कडेला तडा असेल तर भिजवू नका. आतला कागद पाणी पितो आणि थर फुगतो.

आता मे १९२५ पासूनच्या विद्युत, म्हणजे मायक्रोफोनवर मुद्रित झालेल्या, बाजू. मॅट्रिक्स क्रमांकाआधी (तबकडीवर कोरलेला मुद्रणाचा क्रमांक) ‘डब्ल्यू’ दिसला की ओळखायचं. इथे ३ मिलची सुई आणि २५० हर्ट्झच्या खाली बास उचलणं, एवढ्यावर सुरुवात केली आहे. तिखट टोकाला, म्हणजे वरच्या कंपनांना, हात लावलेला नाही. ५ मेच्या ‘केक वॉकिंग बेबीज’मध्ये साथीदार पहिल्यांदा वेगवेगळे ऐकू येतात. नोव्हेंबर १९३३ च्या, ओके (Okeh) या लेबलच्या चार बाजू, बेसीच्या शेवटच्या, वेगळ्या वक्राने करायच्या आहेत. त्या सध्या बाजूला ठेवल्यात.