.३१५ रायफलच्या बटवर घरी केलेले रिकॉइल पॅड

ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल म्हणजे ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीवर ८×५० आर मॅनलिकरचे काडतूस. गोळी जड आणि खांद्याला थेट बटप्लेट, म्हणजे बटच्या (मागच्या लाकडी दस्त्याच्या) टोकावरची धातूची प्लेट. दहा-बारा बार काढले की खांदा दुखतो, आणि पुढच्या बारापासून हात ट्रिगर झटकायला लागतो. रिकॉइल, म्हणजे मागे बसणारा धक्का, झेलणारे पॅड हवे ते नेम न बिघडावा म्हणून.

मॅगझिन व बोल्ट काढून, चेंबर (काडतूस बसते ती जागा) बोटाने चाचपून मगच काम सुरू केले. बटप्लेट उतरवली की मधोमध एक खोल भोक दिसते. बट ॲक्शनला (रायफलच्या मधल्या धातूच्या भागाला) आवळणारा लांब बोल्ट त्याच्या तळाशी असतो. पॅड लाकडाला चिकटवायचे नाही, स्क्रूनेच बसवायचे, ते या भोकासाठी. नाहीतर पुढे बट सैल झाली की पॅड फाडावे लागते. जुन्या बनावटीत फोअरएंड (नळीखालचे पुढचे लाकूड) न उतरवता तो बोल्ट फिरवूही नये. त्याचे टोक पुढच्या पत्र्यात अडकलेले असते आणि लाकूड चिरते.

खरी मेहनत तळाच्या पट्टीची. प्लेटखालचे लाकूड सपाट नसते. टाचेकडे, म्हणजे बटच्या वरच्या कोपऱ्याकडे, ते उचललेले असते आणि तिथेच प्लेटच्या जिभेची खाच असते. सपाट पट्टी तशीच आवळली तर ती दोनच ठिकाणी टेकते, आणि धक्क्याचा सगळा भार तिथे येऊन टोकाची कपची उडते. म्हणून लाकडावर मेणाचा हात फिरवला, त्यावर पातळ प्लास्टिक ताणले. मधल्या भोकात आणि स्क्रूच्या भोकांत कापसाचे बोळे घातले. मग ३ मिमी हायलमच्या (कडक लॅमिनेट शीटच्या) पट्टीला खालून एम-सील (इपॉक्सी लांबी) थापून ती लाकडावर दाबली. रात्रभर वाळल्यावर पट्टी अलगद सुटते आणि लाकडाचा हुबेहूब साचा तिच्या पाठीवर उमटलेला असतो, खाचेसकट. लाकडाला कुठेही कानस लागत नाही, मूळ प्लेट केव्हाही परत बसते.

दोन थर: पट्टीवर ८ मिमी एमसीआर शीट (मधुमेहींच्या चपलांना वापरतात ते मऊ रबर) आणि खांद्याकडे ६ मिमी सोलचे रबर. नुसते एमसीआर एका झटक्यात चपटे होते आणि मागची पट्टी हाडाला लागते. वरचे कडक रबर धक्का पसरवते, मऊ थर त्याला वेळ देतो. सगळे पृष्ठभाग ६० नंबरच्या पेपरने खरवडले, फेव्हिबॉण्डचे दोन पातळ हात दिले आणि बोटाला चिकटेनासे झाल्यावरच दाबले. ओले असताना दाबले तर आतला द्रव अडकतो आणि थर सुटतात.

स्क्रू जुन्याच भोकांत, फक्त लांब. भोक सैल असेल तर सागाची खुंटी फेव्हिकॉलने ठोकून, वाळल्यावर ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिमीचे भोक पाडावे. खालच्या टोकाला लाकडाचे रेषे आखूड असतात, तिथे भोक न पाडता स्क्रू फिरवला की चीर ठरलेली. पट्टीत भोके पाडली. रबरात मात्र ब्लेडने फक्त फट दिली. स्क्रूला साबण लावून तो फटीतून दाबला, मागोमाग गोल दांड्याचा पेचकस. पेचकस काढला की फट आपोआप मिटते.

पॅड जागेवर आवळून, बटच्या कडेने पट्टीवर टोकदार खिळ्याने रेघ ओढली, आणि पॅड काढून रेघेपर्यंत घासले. बटवरच घासायला गेले तर पॉलिश जाते. एमसीआर तापले की चिकट होऊन पेपर बुजतो. पॅड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले तर स्वच्छ घासले जाते. पॅड घासायला चांभाराच्या मशीनवर न्यायचे असेल तर एकटे पॅडच न्यावे. विनापरवाना माणसाच्या ताब्यात रायफल देणे हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे.

टाचेची वरची कड गोल करावी, नाहीतर रायफल उचलताना ती शर्टात अडकते. सोलच्या रबरावरची नक्षीही त्याच कारणाने घासून गुळगुळीत केली.

प्लेट गेली, पॅड आले, तरी ट्रिगरपासूनची लांबी साधारण अर्धा इंच वाढतेच. आखूड हाताच्या माणसाने एमसीआर ५ मिमीचे घ्यावे, लाकूड कापू नये. रेंजवर पहिल्या पाच बारांनंतर दोन्ही स्क्रू पुन्हा तपासावेत. पट्टी साच्यात नीट बसताना ते थोडे ढिले होतात.