मेम्फिसमध्ये स्पुटनिक मन्रोच्या मागावर: एक काचेची पेटी, एक रणरणता रस्ता आणि पार्किंगची लूट

आधीच सांगून टाकतो: ज्या जागांवर स्पुटनिक मन्रो या अमेरिकी पैलवानाचं नाव झालं, त्यातली एकही आज मेम्फिसमध्ये उभी नाही. रसवूड पार्क हे बेसबॉलचं स्टेडियम १९६० मध्ये जळालं. एलिस ऑडिटोरियम १९९९ मध्ये पाडलं. नेटवर कुस्तीवेड्यांसाठी पायी सहलीचा एक नकाशा फिरतोय. त्यात या दोन्ही जागांवर लाल टिकल्या आहेत आणि खाली 'अवश्य पाहा' असं लिहिलंय. काय पाहा? एका ठिकाणी दवाखाने आणि पार्किंगच्या इमारती, दुसऱ्या ठिकाणी कन्व्हेन्शन सेंटर. नकाशा बनवणारा स्वतः तिथे गेला असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आज टीव्हीवर दिसते तशी अख्ख्या देशाची एकच कुस्ती कंपनी तेव्हा नव्हती. अमेरिकेचे इलाखे पडलेले होते आणि प्रत्येक इलाख्याचा प्रमोटर वेगळा. टेनेसीचा कारभार नॅशव्हिलमध्ये बसून निक गुलास आणि रॉय वेल्च बघायचे आणि मेम्फिसला दर सोमवारी रात्री कुस्त्या व्हायच्या. एका इलाख्यात देव मानलेला पैलवान शेजारच्या इलाख्यात कुणाच्या खिजगणतीतही नसायचा. मन्रो मूळचा कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा, जन्म १९२८ चा. केसांत पुढे एक पांढरी बट, चालण्यात मस्ती, तोंड फाटकं. भूमिका खलनायकाची. १९५७ मध्ये अलाबामातल्या कुस्तीला जाताना एका काळ्या वाटसरूला त्याने गाडीत घेतलं आणि तिथे पोचल्यावर लोकांसमोर त्याच्या गळ्यात हात टाकला. एक गोरी म्हातारी इतकी भडकली की तिने त्याला 'स्पुटनिक' म्हणून शिवी हासडली. रशियाचा उपग्रह तेव्हा नुकताच आकाशात गेला होता आणि तिच्या लेखी त्याहून घाण शब्द नव्हता. याने ते नावच घेऊन टाकलं.

आपल्याकडची मंडळी लगेच म्हणतील, ही तर सगळी नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला. हो, आहे. मी सांगली जिल्ह्यातला, खासबागेत मांडी घालून निकाली कुस्त्या बघितलेला माणूस आहे, मला कुणी शिकवू नये. पण मन्रोने रिंगच्या बाहेर जे केलं ते नुरा नव्हतं. १९५० च्या दशकातल्या मेम्फिसमध्ये तो बील स्ट्रीटवरच्या काळ्यांच्या दारूच्या गुत्त्यांत उघड बसायचा, पोरांना फुकट तिकिटं वाटायचा. पोलिसांनी उगाच भटकल्याच्या नावाखाली त्याला धरलं, तर त्याने रसेल शुगरमन हा काळा वकील उभा केला, दंड भरला आणि पुन्हा तिथेच जाऊन बसला. एलिस ऑडिटोरियममध्ये काळ्या प्रेक्षकांना फक्त वरच्या बाल्कनीत, तेही मोजून मापून, सोडायचे. सांगतात ते असं की दारावर डोकी मोजणाऱ्याला मन्रोने पैसे चारले आणि आकडा कमी सांगायला लावला. बाल्कनी ओसंडली, बाहेर रांगा तशाच. मग तो प्रमोटरला म्हणाला, खाली बसू देणार नसाल तर मी लढत नाही. गल्ला बुडतोय म्हटल्यावर तत्त्वं विरघळली. त्या सभागृहात बाकीच्या कार्यक्रमांत वेगळं बसवणं चालूच होतं तेव्हा कुस्तीला सगळे एकत्र बसायला लागले.

तर आम्ही दोघं, मी आणि माझा मावसभाऊ, नॅशव्हिलहून गाडीने गेलो. आय-४० ने तीन-सव्वातीन तास. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. पहिला दिवस नदीकाठी मजेत गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नकाशाच्या नादाने निघालो. बील स्ट्रीटपासून रसवूडची जागा 'पंधरा मिनिटं चालत' असं त्यात आहे. साफ खोटं. मॅडिसन अव्हेन्यूने अडीच-एक किलोमीटर आहे, धडधाकट माणसाला अर्धा तास, आणि हा अर्धा तास ऑगस्टमधल्या दुपारचा. तापमान ३६-३७, पण खरा मारेकरी दमटपणा. डॅनी थॉमस बुलेव्हार्ड ओलांडला की झाड नावाची चीज उरत नाही. फुटपाथ एका बाजूला आहे, मग नाही, मग दुसऱ्या बाजूला आहे. सिग्नलचं बटण दाबून माणूस वाळून जातो. ट्रॉलीचे रूळ रस्त्यातून छान चकाकत होते, त्यांच्या भरवशावर राहू नका, आम्ही गेलो तेव्हा ट्रॉली बंद होती. डांबरावरून उठणारी वाफ पोटऱ्यांना लागते. भावाचा शर्ट पाठीला असा चिकटला होता की आतल्या बनियनवरची कंपनीची अक्षरं वाचता येत होती. 'दादा, त्या मन्रोला तरी गाडी होती रे,' एवढंच तो बोलला, नंतर परत येईपर्यंत गप्प.

आणि पोहोचून काय? १७ ऑगस्ट १९५९ ला इथे मन्रो आणि बिली विक्सची कुस्ती झाली होती. पंच म्हणून आणलेला खुद्द रॉकी मार्सियानो, एकही लढत न हरता निवृत्त झालेला बॉक्सिंगचा हेवीवेट विश्वविजेता. १३ हजारांवर माणूस जमला होता. दक्षिणेत त्या काळी कुस्तीला एवढी गर्दी म्हणजे जत्राच. पुढच्या वर्षी, १७ एप्रिल १९६० ला, ईस्टरच्या रविवारी दुपारी व्हाइट सॉक्स आणि इंडियन्सचा बेसबॉलचा सराव सामना झाला आणि त्याच रात्री लाकडी स्टेडियम भस्मसात झालं. हे सगळं मला तोंडपाठ होतं म्हणूनच मी त्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभा राहू शकलो. ज्याला माहीत नाही त्याला एक काँक्रीटची भिंत, ॲम्ब्युलन्सचा बाण आणि सिगारेट ओढणारे दोन नर्स दिसतील. फलक आम्हाला तरी सापडला नाही. सुरक्षारक्षकाला विचारलं तर त्याने आम्हाला इमर्जन्सीचा दरवाजा दाखवला. आमच्या अवताराकडे बघता त्याचं चुकलं नाही.

निकाल: रसवूडला चालत जाऊ नका. गाडीतून जा, काच खाली करा, मनात नमस्कार करा, पुढे व्हा. चालायचंच असेल तर ऑक्टोबरनंतर, नाहीतर सकाळी नऊच्या आत, माणशी दीड लिटर पाणी घेऊन. वाटेत युनियन अव्हेन्यूवर सन स्टुडिओ आहे. एल्व्हिससाठी जग तिथे येतं, आमच्यासाठी तिथलं थंडगार सोड्याचं कॅन एल्व्हिसपेक्षा मोठं ठरलं.

एलिसच्या जागेवर आता कन्व्हेन्शन सेंटरचंच कॅनन सेंटर हे नाट्यगृह आहे. चकचकीत आहे. कुस्तीचा मागमूस नाही. दोन मिनिटं.

मग बघायचं काय? तर बील स्ट्रीटच्या टोकाला, फेडएक्सफोरम या बंदिस्त स्टेडियमला लागून असलेलं रॉक 'एन' सोल म्युझियम. संगीताच्या म्युझियममध्ये पैलवान ठेवणारं हे एकच गाव मला ठाऊक आहे, आणि त्यामागे कारण आहे: जी पोरं काळ्यांचं संगीत चोरून ऐकत होती तीच सोमवारी मन्रोला बघायला जात होती. त्याचे रिंगमधले कपडे तिथे काचेआड आहेत. मांडणी एवढीशीच. कानाला हेडफोन लावलेले लोक पुढच्या गिटारकडे धावत असतात, त्यामुळे काचेसमोर तुम्ही हवं तितका वेळ थांबू शकता. आम्ही थांबलो.

तिथेच या सहलीचे पैसे वसूल झाले. सत्तरी-ऐंशीतले एक काळे आजोबा नातवाला घेऊन आले होते. दोन देशी माणसं मन्रोसमोर उभी बघून त्यांना हसूच आवरेना. 'तुम्हाला हा कसा माहीत?' मी म्हटलं, यूट्यूब. मेम्फिसचाच नंतरचा पैलवान जेरी लॉलर, त्याच्या जुन्या फिती बघता बघता याच्यापर्यंत पोचलो. मग आजोबा खुलले. ते लहानपणी आजीबरोबर एलिसच्या बाल्कनीत बसायचे. तिथून रिंग ताटलीएवढी दिसायची. पहिल्यांदा खाली बसले तेव्हा आजीने घरातून निघतानाच दम भरला होता, काहीही झालं तरी उठून ओरडायचं नाही. मन्रो आला, गोऱ्या प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, त्याने तिकडे पाठ करून यांच्या बाजूला बघून दोन्ही हात वर केले, आणि सगळ्यात आधी उठून ओरडली ती आजी. हे सांगताना त्यांनी काठी नातवाच्या हातात दिली आणि म्युझियमच्या गालिच्यावर मन्रोची चाल चालून दाखवली: खांदे मागे, हनुवटी वर, पाय फेकत. नातू लाजून दुसऱ्या पेटीकडे बघत होता. मन्रोने पुढे १९७० च्या सुमारास नॉर्व्हेल ऑस्टिन या काळ्या पैलवानाशी जोडी जमवली, ऑस्टिननेही केसांत तशीच पांढरी बट रंगवून घेतली, तेही त्यांना लख्ख आठवत होतं. २००६ मध्ये मन्रो गेला तेव्हा गावात सुट्टी द्यायला हवी होती, असं त्यांचं मत. माझंही.

म्हणून सल्ला असा: म्युझियमला सकाळी उघडल्या उघडल्या नको, अकरानंतर जा, आणि काचेसमोर रेंगाळा. साठीच्या पुढचं कुणी मेम्फिसचं माणूस दिसलं की सरळ विचारा. जागा गेल्यात पण माणसं अजून आहेत, आणि ती फार वर्षं नसतील.

मिड-साउथ कॉलिझियमचं बरेच जण विचारतात. घुमटाची गोल इमारत, १९६४ ची, २००६ पासून बंद. लॉलर आणि विनोदी नट अँडी कॉफमन यांची ती गाजलेली कुस्ती ५ एप्रिल १९८२ ला इथेच झाली. लॉलरचे भक्त असाल तर गाडीतून एक चक्कर मारा. मन्रोसाठी येत असाल तर गरज नाही.

आता पार्किंग. यावर मी दोन रात्री झोपलो नाही. बील स्ट्रीटजवळच्या एका खासगी लॉटच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत १० डॉलर. माणूस कुणी नाही, फक्त क्यूआर कोड. स्कॅन केला, गाडीचा नंबर घातला, कार्ड घातलं, आणि पावती आली ४३ डॉलरची! पाटीच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत 'कार्यक्रमाच्या दिवशी दर वेगळे'. शेजारच्या फोरममध्ये संध्याकाळी मैफल होती म्हणे. आम्ही दुपारी एकला गाडी लावून चारला काढली, मैफलीचा आणि आमचा काय संबंध? वर 'सेवाशुल्क' वेगळं. सेवा कुणी केली? फोन लावला तर यंत्र बोलतं, आणि यंत्राला मराठी शिव्या कळत नाहीत. दोघांची म्युझियमची तिकिटं आणि जेवण धरूनही दिवसातली सगळ्यात महाग वस्तू ती पार्किंगची पावती होती.

तेव्हा निघायच्या आधी फेडएक्सफोरमचं वेळापत्रक बघा. मैफल किंवा ग्रिझलीज या बास्केटबॉल संघाचा सामना असेल तर बीलपासून सात-आठ चौक लांब, मीटर असलेल्या रस्त्यावर गाडी लावा. पैसे भरण्याआधी पाटीचा अख्खा फोटो काढा, तळासकट. ॲपने रक्कम दाखवल्याशिवाय कार्डाचा नंबर घालू नका. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, जुनी पिशवीसुद्धा नको.

खाण्याचं: मांस खात असाल तर चिंता नाही, कुठेही बरगड्या खा. शाकाहाऱ्यांनी जपून. बीन्समध्ये आणि पालेभाजीतही डुकराचं मांस असू शकतं, दर वेळी विचारा. माझ्या भावाने दोन जेवणं कोबीच्या सॅलडवर काढली आणि मेथीचे ठेपले आणल्याबद्दल स्वतःचं कौतुक करत राहिला.

लॉरेन मोटेल, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ ला गोळी घातली ती जागा, बीलपासून जवळ आहे आणि आता तिथे नागरी हक्कांचं म्युझियम आहे. मंगळवारी बंद असतं, दिवस ठरवताना बघा. ते आणि मन्रोची पेटी एकाच दिवशी करू नका. आम्ही केलं, आणि दुसरीकडे पोचलो तेव्हा पाय आणि डोकं दोन्ही संपलेलं होतं. त्याला वेगळा अर्धा दिवस हवाच.

पार्किंगच्या ३३ जादा डॉलरबद्दल कार्ड कंपनीकडे तक्रार टाकली आहे, पाटीच्या फोटोसकट. पैसे परत आले तर कळवतोच.