वाऱ्यावर

मंगळवार, रात्री उशिरा

ताई आज म्हणाली, "तू आम्हाला वाऱ्यावर सोडलंस."

ओरडून नाही. औषधांच्या वेळा सांगता सांगता मध्येच म्हणाली आणि पुन्हा औषधांवर आली. फोनमध्ये नेहमीसारखी खरखर होती, पण हे वाक्य स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, "हो, लिहून घेतलं." खरंच लिहून घेत होते. आता पाहतेय तर वेळांच्या खाली तोही शब्द लिहिला गेलाय, वाऱ्यावर, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात.

इतकी वर्षं मी वाऱ्याच्या कथा जमवतेय. कुणी त्याला देव मानलं, कुणी श्वास, कुणी निरोप्या. आणि रोजच्या तोंडातला हा वाक्प्रचार मात्र कधी निरखून पाहिला नाही. माणसाला आगीत लोटतात, खड्ड्यात घालतात, पण सोडतात ते वाऱ्यावर. सोडणाऱ्याला त्यात काही करावंच लागत नाही. हात सैल केला की झालं.

मी केला का सैल?

झोप येत नाही म्हणून ग्रीक महाकाव्यातला, समुद्रावरून घरी निघालेला ओडिसियस आठवतेय. वाऱ्यांचा कारभारी एओलस त्याला सगळे वादळी वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत बांधून देतो, तोंडाला रुपेरी दोरी. फक्त पश्चिमेचा वारा मोकळा ठेवतो, घरी पोचवण्यापुरता. नऊ दिवस, नऊ रात्री हा माणूस शिडाचा दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. दहाव्या दिवशी इथाका, त्याचं बेट, दिसतं, इतकं जवळ की किनाऱ्यावर जाळ करणारी माणसंही दिसतात. आणि तिथे त्याचा डोळा लागतो. पिशवीत सोनंनाणं असेल म्हणून सोबती ती उघडतात, वारे सुटतात आणि जहाज मागे फेकलं जातं. तो पुन्हा एओलसच्या दारात उभा राहतो, तर एओलस त्याला हाकलून देतो. ज्याच्यावर देवांचा कोप आहे त्याला मी मदत करणार नाही, म्हणतो.

नऊ रात्री कुणी मोजत नाही. दहाव्या दिवशीचा डोळा लागला तेवढा सगळ्यांना दिसतो. ते सगळे महिने मी जागीच होते की. हॉस्पिटलच्या बाकावर, मग घरी, मग पुन्हा... तेव्हा कुणी म्हणालं नाही की तू धरून ठेवलंस. जाऊ दे. दादाच्या बाबतीत तर मला आज काहीच लिहायचं नाही.

गुरुवार

दोन दिवस फोन केला नाही. तिनेही नाही.

रामायणाच्या उत्तरकांडातला वायू सारखा डोळ्यांसमोर येतोय. सूर्याला फळ समजून झेपावलेल्या त्याच्या लेकराच्या हनुवटीवर इंद्राने वज्र मारलं. वायू कुणावर चालून गेला नाही, सूड म्हणून एक झाडही मोडलं नाही. पोराला उचलून गुहेत गेला आणि वाहायचा थांबला. तिन्ही लोकांचा श्वास कोंडला, सांधे जखडले, प्राणी लाकडासारखे झाले. देवांना पोटफुगी झाली असंही तिथे लिहिलंय आणि मला ते फार खरं वाटतं. कोंडलेला राग तसाच असतो. शेवटी ब्रह्मदेव स्वतः चालत आला, लेकराच्या अंगावरून हात फिरवला, तेव्हा वायू हलला.

मीही गुहेतच बसलेय. पण त्याच्या मांडीवर पोर होतं. माझ्या मांडीवर वही आहे. कोंडलाच असेल तर तिकडे ताईचा श्वास कोंडला असेल, आणि माझ्याकडे चालत येणारा ब्रह्मदेव कुठून येणार?

मेसोपोटेमियाच्या कथेतल्या अदापाचं तर नुसतं बोलणं पुरलं. मासे धरायला गेला असता दक्षिणवाऱ्याने त्याची होडी उलटवली. याने रागाने शापवाणी उच्चारली आणि वाऱ्याचा पंख मोडला. सात दिवस जमिनीकडे वारा आला नाही. एक वाक्य आणि सात दिवस. आज आमचा दुसरा.

दुपारी जुनी वही सापडली. त्यात अवधूताचे चोवीस गुरू लिहून काढलेत. भागवताच्या अकराव्या स्कंधातला वारा हा त्यांतला एक गुरू: गंध वाहून नेतो, पण गंध त्याचा होत नाही. सगळीकडून जातो, कशाला चिकटत नाही. त्या पानावर मी तारीख घातलीय. इथे राहायला आले त्याच्या आदल्या आठवड्याची.

ती तारीख पाहून पोटात खड्डा पडला. त्या आठवड्यात मला तो गुरू का आवडला असेल ते आज कळतंय. अवधूताने मिळवलं होतं ते न चिकटणं. मी उसनं घेतलं होतं, गाडीत बसताना रडू येऊ नये म्हणून. फारसी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्यात एक माणूस मृत्यूच्या दूताला घाबरून सुलेमान राजाकडे धावतो. वारे तुझ्या हुकमात आहेत, मला हिंदुस्थानात पोचव, म्हणतो. वारा पोचवतो. दूत नंतर सुलेमानाला सांगतो, मी त्याच्याकडे रागाने नाही, आश्चर्याने पाहिलं होतं. त्याचा प्राण मला हिंदुस्थानात घ्यायचा होता आणि हा इथे कसा! वाऱ्यावर बसून जिथे पळावं तिथेच ते उभं असतं. मी इतक्या लांब आले आणि वाक्य फोनमधून आलंच.

सोडलंच मी. असं लिहून पाहिलं. लिहिल्यावर पूर्ण खरं वाटत नाही. खोडलं तर खोटं वाटतं.

शनिवार, सकाळ

काल रात्री बृहदारण्यक उपनिषद काढलं. उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो, हा लोक, परलोक आणि सगळे जीव ज्यात ओवलेत ते सूत्र, तो दोरा, तुला माहीत आहे का? याज्ञवल्क्य म्हणतो, वायू. वायुर्वै गौतम तत्सूत्रम्. (गौतम म्हणजे उद्दालकच.) आणि लगेच दाखला देतो: म्हणूनच माणूस गेला की म्हणतात, याचे अवयव सैल पडले. दोरा निघाला की मणी सांडतात तसे.

हे मी कितीदा वाचलंय. काल पहिल्यांदा त्या 'सैल'पाशी थांबले. दादाचा हात मी धरला होता, तेव्हा तो कसा झाला होता ते मला ठाऊक आहे. तेव्हा उपनिषद आठवलं नव्हतं.

म्हणजे ज्यांनी वाऱ्याकडे नीट पाहिलं त्यांना तो पोकळी वाटलाच नाही. त्यांना तो धरून ठेवणारा वाटला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 16 व्या सूक्तात गेलेल्याला सांगतात, तुझा डोळा सूर्याकडे जावो, आत्मा वाऱ्याकडे. तेही वाऱ्यावर सोडणंच आहे, पण टाकून देण्याचं नाही, सुपूर्द करण्याचं. त्याच मंडलातलं 186 वं सूक्त अवघ्या तीन ऋचांचं. वाऱ्या, औषध घेऊन ये, आमच्या हृदयाला सुख देणारं. तू आमचा पिता आहेस, भाऊ आहेस, सखा आहेस. तुझ्या घरात अमृताचा ठेवा आहे, त्यातलं आम्हाला जगायला दे. औषध, भाऊ. हे सूक्त मला पाठ होतं आणि मंगळवारी मी औषधांच्या वेळा लिहीत असताना त्यातला एक शब्द मला सुचला नाही.

आपलं 'अनिल', ग्रीकांचं 'ॲनेमॉस', लॅटिनमधलं 'अनिमा', सगळे एकाच धातूचे. वारा म्हणावं की जीव, ठरत नाही. हिब्रूतल्या 'रुआख'लाही वारा, श्वास, आत्मा हे तिन्ही अर्थ आहेत. अमेरिकेतले नव्हाहो लोक मानतात की माणूस घडला तेव्हा वारा त्याच्यात शिरला आणि त्याची वाट बोटांच्या टोकांवर उमटून राहिली, ती गोल गोल वळणं. सकाळपासून मी स्वतःची बोटं पाहतेय. ताईच्या आणि माझ्या अंगठ्यांवर एकसारखी चक्रं आहेत. लहानपणी शाई लावून आम्ही ती जुळवली होती. दादाची वेगळी निघाली म्हणून तो चिडला होता. या क्षणी मला त्याचं फार हसू येतंय.

तिच्या शब्दातला अर्थ बदलून टाकावा म्हणून मी हे सगळं गोळा करतेय, असं मध्येच वाटलं. तसं नको. तिला जे म्हणायचं होतं ते याज्ञवल्क्याला विचारून कमी होणार नाही. ती तिथे एकटी आहे आणि मी इथे आहे. हे आहे तसं राहू दे. माझं जागणंही राहू दे. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीची बेरीज होत नाही. काल रात्रीपासून हे पचवायला थोडं सोपं जातंय. का, ते कळत नाही.

पण एवढं मात्र दिसतंय की वाऱ्यावर ती एकटी नाही.

शनिवार, संध्याकाळ

फोन केला. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून ठेवलं होतं. तिने उचलला, "हं" म्हणाली, आणि मागे तीच खरखर. मी ओळी वाचायला घेतल्या तर म्हणाली, "काय? मोठ्याने बोल, वारा फार आहे."

"कुठे आहेस तू?"

"गच्चीवर. घरात रेंज कुठे असते? रोज इथूनच तर बोलते तुझ्याशी."

ही इतक्या महिन्यांची खरखर मी लाइनची समजत होते. भर पावसातही, थंडीतही. वेळा सांगायला, रिपोर्ट वाचून दाखवायला, आणि मंगळवारी ते म्हणायलाही ती जिना चढून वर आली होती.

ऋग्वेदाच्या त्याच दहाव्या मंडलातल्या 168 व्या सूक्तात वाऱ्याबद्दल म्हटलंय, याचे घोष ऐकू येतात, रूप दिसत नाही. मी कानाला फोन लावून तो घोष ऐकत राहिले. त्यात तिचा श्वास मिसळला होता, जिन्यामुळे जरा लागलेला. लिहिलेल्या चार ओळी हातात होत्या, त्यांतली एकही बोलता आली नाही.

"आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे."

"थांब मग. ठेवू नकोस, टाकीच्या आडोशाला जाते."