खड्यांनी निकाल लावला

रात्रीचे २.४०. लघवीला उठायची ही चौथी खेप. उठलोच आहे तर लिहून टाकतो: आज प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, ऑपरेशनला होकार दिला.

चार वर्षं गोळ्यांवर काढली. एक मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करणारी. दुसरी प्रोस्टेट आकसवणारी, तिचा गुण यायलाच सहा महिने लागतात. प्रोस्टेट वाढणं म्हणजे केस पिकण्यातलाच प्रकार, अशी मी समजूत करून घेतली होती. धार बारीक झाली, तरी ‘होतेय ना’ म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात मात्र धार मध्येच तुटायला लागली. कुणी नळ बंद करावा तशी. जरा अंग हलवलं की पुन्हा सुरू, आणि शेवटाला टोकाशी जीवघेणी कळ. सोनोग्राफीत उलगडा झाला. एरवी २०-२५ ग्रॅमची असते ती प्रोस्टेट ७० ग्रॅमची झालेली. लघवी करून आल्यावरही १८० मिली आत शिल्लक. त्या डबक्यात दोन खडे, मोठा २.२ सेंटिमीटरचा.

‘नुसते खडे काढून भागेल का?’ मी चाचरत विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘काढू की. पण तुंबणं तसंच राहिलं तर पुन्हा होतील.’ भरपूर पाणी पिऊन खडे पाडायचा माझा बेतही बारगळला. एवढा खडा पडणार कुठून, दारच अडलेलं!

आता पाठीत भूल देऊन दुर्बिणीतून खडे फोडायचे आणि त्याच भुलेत प्रोस्टेटचा आतून अडवणारा भाग काढायचा. विजेच्या तारेने खरवडून, म्हणजे टीयूआरपी, की लेसरने सालीतून गर सुटावा तसा, म्हणजे होलेप? या दोन नावांवर मी आठवडाभर डोकं पिकवलं. शेवटी आमच्या डॉक्टरांचा हात टीयूआरपीवर बसलेला आहे, म्हणून तेच ठरवलं. यंत्रापेक्षा हात बघावा, असं माझं मत. काढलेले तुकडे तपासणीला जातील. दोन-तीन दिवस नळी राहील. लघवीची घाई लगेच थांबेलच असं नाही, काही आठवडे धीर धरायचा.

मनातला प्रश्न मात्र ही फोन घ्यायला बाहेर गेल्यावरच विचारला. ताठरता सहसा जात नाही, म्हणाले. पण वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाईल, बहुतेकांचं तसं होतं. त्रास काही नाही, लघवीवाटे निघून जातं. हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव परतताना रिक्षाभर करत होतो. घरी येऊन कसाबसा सुरू झालो तर म्हणाली, ‘अहो, ते मी परवाच वाचलंय. तुम्ही कधी विचारताय याचीच वाट बघत होते. म्हणून तर बाहेर गेले.’

रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, ते उद्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं आहे. मनाने बंद करू नका, असं दोनदा बजावलंय.

झालं, पुन्हा जावं लागणार. आत्ताच तर जाऊन आलो होतो.